पोट साफ होतं, म्हणजे नेमकं काय होतं?

विषय ऐकून लगेच हेडफोन काढू नका. "पोट साफ झालं का?" हे आपल्याकडे घरोघरी विचारतात, पण ते होतं कसं, हे कोणी सांगत नाही. मलाही दुखायला लागल्यावरच कळलं.

तेव्हा रोज सकाळी साडेनऊला मीटिंग असायची. नाश्ता झाला की कळ यायची आणि मी म्हणायचो, "मीटिंगनंतर बघू."

नाश्त्यानंतरच का? तर जठरात अन्न पडलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. साधारण दीड मीटर लांबीचं हे आतडं उरलेल्या चोथ्यातलं पाणी शोषतं आणि मल पुढे ढकलतं. मल गुदाशयात उतरला की तिथली भिंत ताणली जाते. तीच ती कळ.

शेवटी दोन गोल स्नायू असतात. आतला आपोआप सैल पडतो, त्यावर आपला ताबा नाही. बाहेरचा मात्र आपण आवळून धरू शकतो. म्हणून तर एसटीत, मीटिंगमध्ये निभावतं! पण रोज रोज थांबवलं तर मल आतच राहतो, त्यातलं पाणी आणखी शोषलं जातं आणि तो कडक होतो. मग जोर करावा लागतो. मला फिशर झालं, म्हणजे गुदद्वाराशी चीर. रक्त दिसलं, तरी लाजेपोटी तीन आठवडे गप्प बसलो. आईलाही सांगितलं नाही.

शेवटी डॉक्टरकडे गेलो. उपाय साधे निघाले: भरपूर पाणी, भाकरी, पालेभाज्या, पेरू. कळ आली की उठायचं. मोबाइल बाहेर ठेवायचा, कारण रील बघत उगाच बसून राहिलं की खालच्या शिरांवर ताण येतो. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्यायचं. गुडघे वर आले की गुदाशयाला वाकवून धरणारा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते.

आणि हो, रोज एकदा झालंच पाहिजे असं काही नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं नॉर्मल. पण रक्त, डांबरासारखा काळा मल, विनाकारण घटणारं वजन किंवा अचानक बदललेली सवय दिसली, तर गूगल करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

मी हल्ली ग्रुपवर सरळ टाकतो, "पाच मिनिटं उशिरा येतोय." आजवर कोणी कारण विचारलेलं नाही. चला, भेटू पुढच्या भागात!