लंडनची डॉक्टरेट, चाळीसगावचा टांगा



युरोपात अर्थशास्त्राची डॉक्टरेट किती वर्षांत होते?
आज साधारण तीन ते पाच.
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सात लागली.

१९१६ साली ते लंडनला गेले.
वर्षभरात शिष्यवृत्ती संपली.
परतावं लागलं.
मुंबईत प्राध्यापकी केली, पै पै साठवली.
१९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं.

रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला.
परीक्षकांनी तो दुरुस्तीला परत पाठवला.
१९२३ मध्ये पदवी हाती आली.
सात वर्षं, श्रोतेहो!

१९२९ मध्ये हेच डॉक्टर आपल्या चाळीसगाव स्टेशनवर उतरले.
टांगेवाले टांगा द्यायला तयार होते,
पण अस्पृश्य म्हणून त्यांच्यासाठी तो हाकायला मात्र कुणीच नाही.
शेवटी दलित वस्तीतल्याच एकानं लगाम धरला.
त्याला सवय नव्हती.
मोरीवर चाक दगडांत अडकलं.
बाबासाहेब फरशीवर आपटले.
पाय मोडला.