लाकडाची पारख



मी सातवी शिकलेली बाई, टेबल टेनिसवर काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण लेकीची बॅट आणायला गासहून मुंबईला मीच गेले, आणि फसले. दुकानदार म्हणाला, “मारून खेळते ना? मग कार्बनची घ्या.” घरखर्चातून साठवलेले सगळे पैसे दिले. चेंडू सुटायचा तो टेबलाबाहेर! पोर रडकुंडीला आली.

1952 साली मुंबईत जागतिक स्पर्धा झाल्या, तेव्हा जपानचे हिरोजी सातो स्पंजाच्या बॅटने जिंकले. तेव्हापासून लोक रबराचेच बोलतात. पण आजही नियमाने फळीच्या जाडीत निदान 85 टक्के अस्सल लाकूड लागते.

निव्वळ लाकडी फळी बहुधा पाच किंवा सात थरांची असते. पाच थरांची जरा लवते, चेंडू क्षणभर धरते; घासून, फिरकी देऊन हल्ला करणारीला तीच बरी. सात थरांची ताठ, सपाट फटक्याला जोरकस. आपण नारळ वाजवून घेतो तशी फळीही वाजवावी. टणक आवाजाची वेगवान, बद्द आवाजाची मऊ. वजन 85 ते 90 ग्रॅम पुरे. मनगट नाजूक असेल तर त्याहून हलकी घ्यावी.

शेवटी आम्ही पाच थरांची घेतली. कार्बनची कपाटात पडून आहे. ती महाग होती, हे आमच्या घरी आज इथेच कळते आहे.