जुनेराचा मान

दुपारचीं जेवणें आटोपून घर थोडें निवांत झालें आहे, अशा वेळीं दारावरून बोहारणीची हाळी जाते. शहरांतल्या जुन्या वस्त्यांत ही हाळी पूर्वींइतकी ऐकूं येत नसली, तरी ती अगदींच थांबलेली नाहीं. घरची सून कपाट उघडते, गाठोडें बाहेर काढते, पाटींतलें चकचकीत पातेलें खालीं उतरतें आणि घासाघीस सुरू होते. एका घरीं अशाच एका दुपारीं गाठोड्याच्या तळाशीं आजेसासूबाईंची पैठणी निघाली. घडीघडीवर रेशीम विरलेलें, काठ काळवंडलेला, पदर मात्र शाबूत. बोहारणीनें पदर बोटांत धरून पाहिला आणि ती म्हणाली, "वहिनी, ही मला नको. जुनी जर घेणाऱ्याला द्या, दोन पैसे जास्त येतील." आंतून सासूबाईंनीं विचारलें, "तो घेऊन काय करील तिचें?" "काय करणार, आजी? जाळील आणि चांदी काढील."

त्या उत्तरानें घासाघीस थांबली. पातेलें पाटींत परत गेलें आणि पैठणी पलंगावर उघडी पडून राहिली. ती द्यावी कीं ठेवावी, आणि ठेवली तर तिचें करावें काय, हा प्रश्न त्या दिवशीं सुटला नाहीं. पुष्कळ श्रोत्यांच्या घरीं हा प्रश्न कधीं ना कधीं उभा राहिलेला असेल. तो दिसतो तितका लहान नाहीं, म्हणूनच त्याचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम, जळतें तें काय, हें पाहूं. जुन्या पैठणीची जर म्हणजे चांदीची अत्यंत बारीक तार. तिच्यावर सोन्याचा मुलामा देऊन ती रेशमाच्या धाग्याभोंवतीं गुंडाळलेली असते. वस्त्र जाळलें म्हणजे रेशमाची राख होते आणि चांदी उरते. आजच्या पुष्कळशा जरींत चांदीच्या जागीं तांब्याची तार किंवा धातूसारखा चकाकणारा कृत्रिम धागा असतो. त्यामुळें जुन्या जरीला गिऱ्हाईक असतें. परंतु पैठणीची खरी किंमत त्या चांदींत नाहीं. गोदावरीकाठचें पैठण, म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, हें या कलेचें माहेर. पुढें नाशिक जिल्ह्यांतील येवल्यानेंही ती जतन केली. पदर विणतांना जमीन जरीची आणि नक्षी रंगीत रेशमाची असते. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. एका फुलाच्या सीमेपर्यंत एक धागा न्यावयाचा, शेजारच्या रंगाच्या धाग्यांत तो अडकवावयाचा आणि परत फिरवावयाचा. या रीतीमुळें कापडाच्या पाठीमागें धागे लोंबत नाहींत. मोर, मुनिया, कमळ आणि आसावलीची वेल हीं दोन्ही बाजूंनीं सारखींच दिसतात. ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा घेतला म्हणजे अंगावर धूपछांव खेळते. कामाच्या बारकाव्याप्रमाणें एका पैठणीस एक महिन्यापासून वर्षापर्यंत काळ लागतो. म्हणजे जरवाल्याच्या भट्टींत चांदी वितळते असें म्हणण्यापेक्षां, एका माणसाच्या आयुष्यांतले कित्येक महिने वितळतात, असें म्हणणें अधिक खरें होईल.

हाताच्या कामाचा आनंद कशांत आहे, असें विचारलें तर पुष्कळजण सौंदर्याकडे बोट दाखवितील. पण यंत्रावरचीं कापडेंही सुंदर असतात. १८५० नंतरच्या दशकांत मुंबईंत सुती गिरण्या सुरू झाल्या आणि गरिबाच्या अंगावर स्वस्त वस्त्र आलें, हा उपकार लहान नव्हे. हाताच्या कामाचा आनंद निराळा आहे. त्या कामांत करणाऱ्याची चाहूल असते. मडक्यावर कुंभाराच्या बोटांची रेघ असते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यावर लाखेचा रंग चढवितांना हात कोठें थबकला, तें दिसतें. कोल्हापुरी चप्पल पहिले चार दिवस चावते आणि मग घालणाराच्या पावलाची होऊन जाते. अशी वस्तु रोजच्या वापरांत आली म्हणजे दिवसांतून दहा वेळां कोणा अनोळखी माणसाच्या कौशल्याशीं आपला स्पर्श होतो. ती दिवाणखान्यांतल्या कांचेच्या कपाटांत ठेवली कीं हा स्पर्श संपतो. म्हणून हातची वस्तु वापरावी. केवळ जपूं नये.

वापरून जुन्या झालेल्या वस्त्राला मराठींत एक फार गोड शब्द आहे : जुनेर. या शब्दांत तिरस्कार नाहीं. घरांत मूल जन्मलें कीं त्याला प्रथम नव्या कापडांत गुंडाळीत नाहींत. आजीच्या लुगड्याच्या जुनेरांत गुंडाळतात. शेंकडों धुण्यांनीं ज्याची खळ गेली आहे, असें कापडच त्या कोंवळ्या कातडीला सोसतें. दुपटें, टोपरें, कुंची हीं सारीं जुनेरांतूनच निघत. आणि जुनेराचें सर्वांत मोठें रूप म्हणजे गोधडी, किंवा कोल्हापूरकडे म्हणतात ती वाकळ. नऊवारी लुगडें आंत-बाहेर घालून मध्यें घरच्या जीर्ण कपड्यांचे थर पसरावयाचे, आणि कडेपासून धांवदोरा घालीत घालीत मध्यापर्यंत यावयाचें. एका गोधडींत आजीचें लुगडें, आजोबांचें धोतर, मुलीचा परकर, अशा तीन पिढ्या एका दोऱ्यानें शिवल्या जात. थंडीच्या रात्रीं ती अंगावर ओढली म्हणजे ऊब केवळ कापडाची येत नसे.

ही बुद्धि महाराष्ट्राचीच आहे असें मात्र नव्हे. बंगालच्या स्त्रिया जुन्या साड्या एकावर एक ठेवून कांथा शिवतात, आणि पूर्वीं टांक्याचा रंगीत दोराही जुन्या साडीच्या काठांतूनच काढीत. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आले त्या उत्तर कन्नड भागांतील सिद्दी स्त्रिया ठिगळांची कवंदी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचीं लहान 'फुलें' लावतात. फुलांवांचून कवंदी पुरी झाली असें त्या मानीत नाहींत. जपानच्या थंड उत्तर भागांत कापूस दुर्मिळ होता, तेथें शेतकऱ्यांच्या घरीं ठिगळावर ठिगळ लावलेले अंगरखे पिढ्यान्‌पिढ्या चालत. आज तेच संग्रहालयांत मानानें मांडलेले दिसतात. गरजेनें शिकविलेली काटकसर, तिला हाताचें कौशल्य मिळालें म्हणजे कलेच्या पदवीला पोहोंचते, याचीं हीं उदाहरणें होत.

मध्यमवर्गीय घरांत मात्र दुसऱ्याचें वापरलेलें वस्त्र अंगावर घालण्याची लाज असते, आणि ती निष्कारण नाहीं. वापरलेले कपडे हे या देशांत फार काळ दानाच्या रूपानें खालीं उतरत आले. मालकानें टाकलेला सदरा गड्यानें घालावयाचा, वरच्या म्हणविणाऱ्या जातींनीं उतरविलेलें वस्त्र ज्यांना खालचें मानलें त्यांनीं निमूटपणें पत्करावयाचें, हा अपमान ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांच्या लेकरांनीं नव्या कोऱ्या कपड्यांचा आग्रह धरला तर त्यांना काटकसरीचें व्याख्यान देणें शोभत नाहीं. ज्याला नवें घेण्याची ऐपत आहे, त्यानें जुनें आवडीनें वापरावें. ज्याला दुसरा मार्ग नाहीं, त्याच्या जुन्याला आवडीचें नांव देऊं नये. गाडगे महाराजांनीं चिंध्यांचें वस्त्र अंगावर घेतलें आणि लोक त्यांना गोधडेबुवा म्हणूं लागले. पण त्यांनीं तें आपखुषीनें घेतलें होतें, आणि तें घालून ते लोकांच्या मनांतली घाण झाडावयास निघाले होते. जुन्या वस्त्राची प्रतिष्ठा तें घालणाराच्या स्वातंत्र्यावर अवलंबून असते, हें विसरतां येत नाहीं.

ही लाज संकटाच्या काळीं एकदां सार्वत्रिक रीतीनें गळून पडली होती. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ च्या जूनपासून १९४९ च्या मार्चपर्यंत, इंग्लंडांत कपड्यांचें रेशनिंग होतें. १९४३ सालीं तेथील व्यापारखात्यानें जुने कपडे कसे दुरुस्त करावे आणि त्यांतून नवे कसे बेतावे, हें शिकविणारी पुस्तिकाच काढली. हिंदुस्थानांतही त्याच वर्षीं कापडावर नियंत्रण आलें आणि घरोघर उलट्या बाजूनें शिवलेले कोट, जोडलेलीं धोतरें दिसूं लागलीं. त्या वेळीं रफूगराचा मान मोठा होता. फाटल्या जागेवर त्याच कापडाच्या शिवणींतून काढलेला धागा घेऊन तो ताणा-बाणा नव्यानें भरून काढतो, आणि भोंक कोठें होतें तें मालकालाही सांपडत नाहीं. युद्ध संपलें, कापड मुबलक झालें, आणि दुरुस्तीची संवय मात्र सुटली. आज पानिपतच्या गिरण्यांत परदेशांतून आलेल्या टाकाऊ लोंकरी कपड्यांचे ढीग पिंजून पुन्हां सूत काढतात. तें काम उपयोगाचें आहेच. तरी धड असलेला कोट पिंजण्यापेक्षां त्याचें एक बटण लावणें केव्हांही शहाणपणाचें.

येथें एक रास्त शंका निघते. सर्वांनीं जुनेंच वापरलें तर विणकरानें खावें काय? पैठणीला २०१० सालीं भौगोलिक ओळखीचें संरक्षण मिळालें, कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं मिळालें. १९०५ च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन पाळला जातो. पण दिनांनीं आणि शिक्क्यांनीं मागावरच्या माणसाचें पोट भरत नाहीं, गिऱ्हाइकानें भरतें. तेव्हां जुनें वापरणें आणि हातचें घेणें हीं एकाच रीतीचीं दोन अंगें समजावीं. वर्षाकांठीं दहा स्वस्त कपडे घेऊन नऊ टाकण्यापेक्षां एक हातचें, घासाघीस न करतां, पुऱ्या दामानें घ्यावें आणि वीस वर्षें वापरावें. बाकीची गरज जुन्यांतून, दुरुस्तींतून आणि एकमेकांच्या कपाटांतून भागवावी. अशा रीतीनें विणकराला काम मिळतें आणि त्याच्या कामाला आयुष्य मिळतें. विणलेली वस्तु लौकर मरावी, असें कोणत्याही खऱ्या कारागिराला वाटत नाहीं.

आतां थोडें व्यवहाराचें. जुनें वस्त्र घेतांना तें उजेडासमोर धरावें; घड्यांच्या ओळींवर आणि बगलेच्या शिवणीजवळ झिरझिरीतपणा दिसला तर तें नेसण्यासाठीं नव्हे, बेतण्यासाठीं घ्यावें. पैठणी हातची आहे कीं नाहीं, हें पदर उलटून पाहिल्यानें कळतें. पाठीमागें कापलेले किंवा लोंबते धागे दिसले तर ती त्या रीतीची नव्हे. घरीं आणल्यावर सुती कपडा धुवून उन्हांत वाळवावा. रेशीम मात्र सावलींत हवेवर ठेवावें. जरीचें वस्त्र जुन्या मऊ मलमलींत गुंडाळावें, त्यावर डांबराच्या गोळ्या थेट ठेवूं नयेत, अत्तराचा फवारा मारूं नये. आणि दर दोन-तीन महिन्यांनीं घडी मोडून नव्या ठिकाणीं घालावी. पैठण्या पुष्कळदां नेसून फाटत नाहींत. वर्षानुवर्षें एकाच घडींत राहून फाटतात. जपणुकीनेंच जी वस्तु मरते, तिला वापर हेंच औषध.

त्या घरच्या पैठणीचा निकाल अखेर असाच लागला. चार दिवस ती पलंगावर पडून होती. पांचव्या दिवशीं सासूबाईंनीं चष्मा चढवून ती उजेडांत धरली आणि सुनेला जवळ बसवून घेतलें. पदर शाबूत होता. तो आणि धड उरलेला काठ काढून एका साध्या हातमागाच्या रेशमी साडीवर चढवावयाचा ठरला. विरलेल्या अंगांतून धड तुकडे निवडून, खालीं जुन्या मलमलीचें अस्तर घालून, एक कुंची बेतली. सुनेला धांवदोरा घालतां येत नव्हता. पहिली ओळ वांकडी गेली, ती सासूबाईंनीं उसवूं दिली नाहीं. "राहूं दे," त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचा हात आहे, माझा आहे, तुझाही असूं दे." पुढच्या खेपेला बोहारीण आली तेव्हां तिनें पैठणीची चौकशी केली. सुनेनें कुंची आणून दाखविली. बोहारणीनें ती हातांत घेऊन उलटीसुलटी पाहिली, वांकड्या ओळीवरून बोट फिरविलें आणि पाटी उचलतां उचलतां म्हणाली, "जरवाल्याला दिली नाहीं, तें बरें केलंत."