दगडी देवालये आणि भूकंप
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



इटली देशात असिसी या गावी संत फ्रान्सिस यांच्या समाधीवर मोठे दगडी देवालय आहे. आपल्याला जशी आळंदी, तसे तेथील भाविकांना असिसी. इ. स. १२२८ साली त्याचे बांधकाम सुरू झाले.

दि. २६ सप्टेंबर १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर तेथे भूकंपाचा धक्का बसला. सकाळी काही मंडळी नुकसानीची पाहणी करण्यास आत गेली, तोच दुसरा मोठा धक्का बसून कमानदार छताचा काही भाग कोसळला. मठातील दोघे व पाहणीस आलेले दोघे तंत्रज्ञ असे चारजण मृत्यू पावले.

शतकानुशतके टिकलेले छत का पडले? छपराची दुरुस्ती वेळोवेळी होत असे. परंतु फुटकी कौले व राडारोडा खाली न उतरविता कमानींच्या खळग्यांत टाकला जाई. धक्क्याने हा सैल भराव सरकला आणि कमानींचा तोल गेला.

दगडी बांधकाम वरचा भार सोसते, पण ताण सोसत नाही. भूकंप वास्तूला आडवे हलवितो. वर वजन जितके जास्त, तितका हिसका मोठा. चर्चच्या लांब, उंच भिंतींना मध्ये आडव्या भिंतींचा आधार नसतो. त्या बाहेर झुकल्या की कमान खाली येते.

दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने हेच दाखविले. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांत आरपार जाणारे दगड नाहीत, आणि वर मातीचे जड माळवद. त्याखाली हजारो माणसे गेली.

असिसीकरांनी तो भराव उपसला, कमानींना वरून हलक्या व चिवट फासळ्या बसविल्या आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये देवालय पुन्हा उघडले. हे काम खालून भाविकांना दिसत नाही.

आपल्याकडेही देऊळ गळू लागले की जुन्या कोब्यावर नवा कोबा घालतात. यापुढे जुना थर काढल्याशिवाय नवा घालू नये. जुन्या भिंतींवर जाणत्या इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय स्लॅब टाकू नये. देणगीदारांनी फरशीइतकीच भिंती बांधून घेण्यासही देणगी द्यावी. त्या कामावर नावाची पाटी लागणार नाही. परंतु यात्रेच्या दिवशी सभामंडपात बसलेली लेकरेबाळे त्याच कामाच्या भरवशावर असतील.

जय हिंद! जय महाराष्ट्र!