पडण्याची विद्या

‘चिंता करूं नये’ हा उपदेश जितका सुलभ आहे, तितकाच तो निरुपयोगी आहे. ज्याचें मन काळजीनें व्यापलेलें असतें, त्याला ती व्यर्थ आहे हें इतरांपेक्षां अधिक चांगलें ठाऊक असतें. परंतु तेवढ्या ज्ञानानें रात्रीची झोंप परत येत नाहीं. याचें कारण असें कीं, चिंता केवळ विचारांत नसते, ती देहांतही असते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हें विशद केलें. संकट दिसतांच मूत्रपिंडांवरील ग्रंथि रक्तांत एक द्रव्य सोडतात. हृदय जलद चालूं लागतें, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात. झुंजावें किंवा पळावें, यासाठींच ही सिद्धता असते. समोर वाघ असेल तर ती उपकारक खरी. पण परीक्षेचा निकाल, वरिष्ठांची मर्जी किंवा महिनाअखेरचा हिशेब यांच्याशीं झुंजतां येत नाहीं आणि त्यांपासून पळतांही येत नाहीं. मग ती सिद्धता तशीच अंगांत राहते आणि माणूस आपल्याच छातींतील धडधडीला भिऊं लागतो.

जें देहांत भिनलें आहे, तें देहाच्याच अभ्यासानें काढावें लागतें. या दृष्टीनें जपानांतील ज्यूदो या विद्येचा इतिहास बोधप्रद आहे. तिचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म १८६० सालीं कोबे शहराजवळील मिकागे गांवीं झाला. शरीरानें ते लहानखुरे. शाळेंत धटिंगण मुलांचा त्यांना फार जाच होई. दुर्बलानें बलवानास नमविण्याची जुजुत्सू नांवाची जुनी विद्या आहे, असें त्यांच्या कानीं आलें होतें. पण बदलत्या काळांत तिचे दिवस फिरले होते आणि गुरु मिळेना. अखेर १८७७ सालीं फुकुदा हाचिनोसुके यांनीं त्यांना शिष्य करून घेतलें. पांच वर्षांनीं, १८८२ मध्यें, टोकियोंतील एइशोजी या बौद्ध मंदिरांत अवघ्या बारा चटयांच्या जागेंत कानो यांनीं कोदोकान ही आपली शाळा उघडली. आपला मूळचा तापट स्वभाव या अभ्यासानें निवला, असें ते पुढें सांगत. जुन्या विद्येला नवें वळण देऊन त्यांनीं तिला ज्यूदो, म्हणजे ‘मृदुतेचा मार्ग’, हें नांव दिलें.

या मार्गावरील पहिला धडा प्रतिपक्ष्याला पाडण्याचा नव्हे, तर स्वतः पडण्याचा असतो. त्याला उकेमी म्हणतात. नवशिका प्रथम उकिडवा बसून मागें लवंडतो, हनुवटी छातीशीं लावून डोकें जपतो आणि पाठ टेकते त्याच क्षणीं पसरलेल्या हातानें चटईवर थाप मारून आघात वांटून टाकतो. मग उभ्यानें, मग कुशीवर, मग पुढें कोलांटी घेऊन. हें शेंकडों वेळां करावें लागतें. पडतांना अंग ताठ करणें आणि श्वास कोंडणें ही भीतीची उपजत रीत. उकेमी तीच मोडते.

येथेंच काळजीग्रस्ताचा या विद्येशीं संबंध येतो. आपण कधींच पडणार नाहीं, अशी हमी त्याला हवी असते. ती कोणीही देऊं शकत नाहीं. ज्यूदो त्याला निराळीच वस्तु देतो : पडल्यावर उठतां येतें, हा देहाला पटलेला अनुभव. रांदोरी म्हणजे मोकळ्या झुंजीच्या सरावांत हृदय तसेंच धडधडतें, दम तसाच लागतो; पण कांहीं मिनिटांनीं दोघे वांकून परस्परांस वंदन करितात आणि धडधड आपोआप ओसरते. जीं लक्षणें एरवीं अरिष्टाची चाहूल वाटत, तीं श्रमाचीं साधीं चिन्हें ठरतात. भीतीच्या विषयाकडे पायरीपायरीनें जाणें, हा आजच्या मानसोपचारांतीलही एक मान्य उपाय आहे. शिवाय पकड असह्य झाली तर दोनदां थाप मारावी, कीं प्रतिपक्षी तत्काळ सोडतो. मदत मागणें ज्याला जड जातें, त्याला हा संकेत फार कांहीं शिकवितो.

महाराष्ट्राला हें तत्त्व परकें नाहीं. कोल्हापूरच्या तालमींत हौद्याची माती तेल, ताक व हळद घालून मऊ राखतात, ती पडणाऱ्याचा विचार करूनच.

मात्र यांत क्रम सांभाळणें अगत्याचें आहे. जपानांत २०१२ पासून कनिष्ठ माध्यमिक शाळांत युद्धकलांचें शिक्षण सक्तीचें झालें, तेव्हां पालकवर्गांत मोठी अस्वस्थता पसरली. कारण शाळांतील ज्यूदोच्या सरावांत डोक्यास मार बसून मुलें दगावल्याच्या घटना पूर्वीं घडल्या होत्या आणि त्यांत नवशिके पुष्कळ होते. धीर शिकविण्याच्या नांवाखालीं घाई केली, तर धीर तर येत नाहींच, प्रसंगीं जीवही जातो. म्हणून शिक्षक निवडतांना त्याचीं पदकें पाहूं नयेत. नवशिक्याला तो किती दिवस नुसतें पडावयास लावतो, तें पाहावें.

प्रौढ गृहस्थानें किंवा गृहिणीनें स्पर्धेंत उतरण्याची कांहींच आवश्यकता नाहीं. कोदोकानमध्यें स्त्रियांचा विभाग १९२६ सालींच निघाला होता, तेव्हां ही विद्या केवळ तरुण पुरुषांची आहे असेंही नाहीं. ज्याची झोंप, अन्न किंवा कामकाजच चिंतेनें सुटलें आहे, त्यानें प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आखाडा हा उपचाराचा सोबती आहे, त्याचा पर्याय नव्हे. परंतु ज्यांची काळजी नित्याची आणि बिननांवाची आहे, त्यांना आठवड्यांतून दोन संध्याकाळीं चटईवर पडून पुन्हां उठण्याचा अभ्यास पुष्कळ उपदेशाहून अधिक उपयोगीं पडेल.