पाइपात बर्फ? सॉफ्टवेअर नंतर, आधी प्रश्न!

बेंबळीत शेतातली मोटर चालू केली की पाइपातून आधी हवा फुसफुसते, मग पाणी उसळ्या मारत येतं. समुद्रातल्या लाइनमध्ये गॅस, तेल, पाणी एकत्र वाहतं, तिथंही असंच होतं. त्यात दाब जास्त अन् गारवा असला, तर शून्य अंशाच्या वरही बर्फासारखा हायड्रेट जमतो. लाइन तुंबते!

मुंबई हायचा समुद्र उथळ, कोमट. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात १००० मीटर खाली पाणी थंडगार. धोका तिथं जास्त.

मग सॉफ्टवेअर कोणतं? हायड्रेट कोणत्या दाब-तापमानाला जमेल, एवढंच हवं तर मल्टिफ्लॅश, पीव्हीटीसिम. लाइन बंद करून पुन्हा सुरू करताना काय घडेल, ते बघायचं तर ओल्गा, लेडाफ्लो. पण उत्तर प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून बघाच. भेटू पुढच्या भागात!