गुन्ह्याची बातमी आणि दुसऱ्याचे शब्द
(गांवच्या बातमीदार तरुणांपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



गांवांत चोरी-मारामारी झाली कीं तिची बातमी पत्रांत येते. ती पाठविणारे आतां आपल्याच शेतकरी-कारागिरांचे मुलगे आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांस चार शब्द सांगतों.

अवतरणचिन्हाचा अर्थ शाळेंत शिकलांत तोच: आंतले शब्द बोलणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे नव्हत. नेमके शब्द आठवत नसतील तर चिन्ह काढा आणि मतलब आपल्या भाषेंत लिहा. त्यानें डोळ्यांनीं पाहिलें कीं नुसतें ऐकलें, हें आधीं विचारा व तसेंच छापा. "कोणी तरी पळतांना दिसलें" याचें "अमक्याला पळतांना पाहिलें" असें झालें, कीं एका घराची चूल विझते.

दुसरी गोष्ट कबुलीची. "आरोपीनें गुन्हा कबूल केला," असें फौजदारसाहेब सांगतात व तें ठळक छापलें जातें. पण पोलिसापाशीं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाहीं. तिच्यावरून कांहीं वस्तु सांपडली, तर तेवढ्यापुरता भाग चालतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत हेंच होतें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही तेंच आहे. कोर्ट जें मानीत नाहीं, त्यावरून गांवानें माणसाला चोर ठरवावें काय? म्हणून "पोलिसांचें म्हणणें असें" एवढेंच लिहा, आणि आरोपीच्या घरच्यांना व वकिलालाही विचारा.

तिसरी गोष्ट जातीची. इंग्रज सरकारनें १८७१ पासून कायदे करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढें त्यांत पारधीही आले. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण लोकांच्या तोंडचा शिक्का गेला नाहीं. "हें पारध्यांचेंच काम," असें कोणी म्हणालें तर तें छापूं नका. मी नव्हे, तो बोलला, ही सबब चालत नाहीं. दुसऱ्याची बदनामी छापणाराही जबाबदार असतो.

बलात्कार झालेल्या बाईचें नांव छापणें तर १९८३ पासून गुन्हाच आहे. आईबापांच्या बोलण्यांतून तिची ओळख फुटत असेल, तर तेंही गाळा.

शेवटीं, लिहिलेलें बोलणें त्या माणसाला वाचून दाखवा. आपल्यांत पुष्कळांना वाचतां येत नाहीं. त्यांच्या तोंडीं काय घातलें, हें त्यांना कळलेंच पाहिजे.